चिलटांच्या मोसमात तळ्याकाठी फळांचा क्रम्बल: सूर्यास्तापासून उलटं मोजायचं वेळापत्रक

तळ्याकाठच्या घरात, चिलटांच्या दिवसांत केलेला फळांचा क्रम्बल ओव्हनमध्ये बहुतेक वेळा नीटच भाजला जातो. बिघडतो तो बाहेर काढल्यावर. संध्याकाळ झालेली असते, दिवे लागलेले असतात आणि खिडकीच्या काचेवर चिलटांचा थर बसलेला असतो. भांडं उघडं ठेवलं तर गरम साखरेच्या रसात चिलटं चिकटतात. ते नको म्हणून कुणीतरी वर ताट उपडं घालतं, मग कोंडलेल्या वाफेचं पाणी होऊन ते कुरकुरीत थरावर टपकत राहतं. अर्ध्या तासात वरचा थर ओल्या पिठाचा होतो.

त्यामुळे इथे पाककृतीपेक्षा क्रमावर जास्त भर आहे. क्रम्बल म्हणजे खाली चिरलेली फळं आणि वर मैदा, बटर, साखरेचा भुरभुरीत थर. फेटणं नाही, फुगणं नाही. पण शेवटी त्याला पाऊण तास उघड्यावर निवावं लागतं आणि तो पाऊण तास तिन्हीसांजेला येऊ द्यायचा नसतो. बाकी सगळं या एका गोष्टीभोवती बसवायचं.

## पायरी १: घरात नेमकं काय शिरतंय ते ओळखा

चार वेगळ्या कीटकांना एकच उपाय करणं ही पहिली चूक. कोण कशाकडे ओढलं जातं ते कळलं की निम्मं काम होतं.

तळ्याची चिलटं. डासासारखी दिसतात पण चावत नाहीत. यांच्या अळ्या तळाच्या चिखलात वाढतात आणि हवा उबदार झाली की एका वेळी प्रचंड संख्येने बाहेर पडतात. नरांचे थवे संध्याकाळी झुडूप, खांब, छपराचं टोक अशा उठून दिसणाऱ्या वस्तूवर घोंघावतात. प्रौढ चिलट काही दिवसच जगतं आणि खाण्याच्या फारसं नादी लागत नाही. तुमच्या फळांशी त्याला देणंघेणं नाही, ते दिव्याकडे येतं.

मेफ्लाय. आकाराने मोठ्या, पंख पाठीवर उभे मिटलेले, शेपटीला दोन किंवा तीन लांब तंतू. प्रौढ झाल्यावर यांना खाण्याजोगं तोंडच उरत नाही, आयुष्य काही तासांपासून एक-दोन दिवसांपर्यंतचं. याही दिव्याच्या मागे. उत्तर अमेरिकेतल्या ईरी सरोवरावरून उठणारे त्यांचे थवे हवामानाच्या रडारवरही दिसतात. तसला दिवस उजाडला असेल तर जाळ्याबिळ्या विसरा आणि बेकिंग सकाळी उरका.

फळमाश्या. जेमतेम तीन मिलिमीटरच्या. तळ्याशी यांचा संबंध नाही, या पिकून आंबू लागलेल्या फळाच्या वासावर येतात, तेही भरदिवसा.

डास. हे तुमच्यासाठी येतात, क्रम्बलसाठी नाही.

गांधीलमाश्या दिसत असतील तर त्या साखरेच्या मागे असतात. दिवसा खिडकीला जाळी आणि ओटा पुसलेला, एवढं त्यांना पुरतं.

तपासा: भिंतीवर बसलेल्या कीटकाचे पाय पाहा. चिलट बसताना पुढचे पाय उचलून धरतं, डास बहुधा मागचे उचलतो. शिवाय डासाला लांब सोंड असते, चिलटाला नसते.

यावरून एक सरळ गोष्ट निघते. व्हिनेगरच्या वाटीत साबणाचा थेंब टाकून केलेला सापळा फळमाश्यांना चालतो, तळ्याच्या चिलटांवर त्याचा काडीचाही उपयोग नाही. लोक वाट्या भरून ठेवतात आणि डोक्यावरचा पांढराशुभ्र दिवा तसाच जळत असतो!

## पायरी २: घड्याळ उलटं मोजा

सूर्यास्ताच्या आसपास आणि त्यानंतरचा साधारण तासभर थवे सर्वांत जास्त असतात. तेव्हा सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी क्रम्बल निवून झाकलेला असला पाहिजे. सूर्यास्त सातचा धरून मागे येऊ:

- ६.३० : निवलेलं भांडं झाकून जागेवर
- ५.४५ : भांडं ओव्हनबाहेर, निवायला सुरुवात
- ४.५५ : भांडं ओव्हनमध्ये
- ४.३५ : ओव्हन तापायला सुरू
- ४.०० : कामाला सुरुवात, आधी वरचा थर, मग फळं

म्हणजे सूर्यास्ताच्या तीन तास आधी ओट्याशी उभं राहायचं. पहिल्यांदाच करत असाल तर साडेतीन तास धरा. फळं सोलायला आपल्याला वाटतो त्याहून जास्त वेळ लागतो. ढगाळ दिवशी अंधारून लवकर येतं आणि चिलटंही त्याप्रमाणे लवकर उठू शकतात, तेव्हा आणखी थोडा वेळ हाताशी ठेवा. वारा असेल तर थवे टिकत नाहीत. निवांत, उबदार, वारा पडलेली संध्याकाळ हीच खरी धोक्याची.

सावध: "पाहुणे आठला येणार, गरमागरम वाढू" म्हणून साडेसहाला भांडं आत सारणं ही इथली सगळ्यात महागात पडणारी चूक. ते बाहेर येईल ऐन थव्यांच्या वेळेत. गरमच वाढायचं असेल तर दुपारी भाजून निववा आणि वाढण्याआधी पुन्हा गरम करा. क्रम्बलला ते छान मानवतं.

## पायरी ३: आधी स्वयंपाकघर, मग मैदा

दिवा. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक जास्त येतात, पिवळ्या-नारिंगी प्रकाशाकडे कमी. ओट्यावरच्या दिव्यात पिवळा एलईडी बसवा. तळ्याच्या बाजूच्या खिडकीला जाड पडदा लावा आणि तो दिवा लावण्याआधी ओढा. नंतर ओढलेला पडदा आत आलेल्या चिलटांना आतच कोंडतो. घराबाहेर, स्वयंपाकघरापासून लांब, तळ्याच्या अंगाला एखादा पांढरा दिवा लावून ठेवला तर बरीच चिलटं तिकडे वळतात. तो शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर येणार नाही एवढं पाहा.

एक्झॉस्ट पंखा. याचा विचार फार कमी जण करतात. एक्झॉस्ट खोलीतली हवा बाहेर फेकतो तेव्हा तेवढीच हवा कुठूनतरी आत यावी लागते. ती येते खिडकीच्या फटीतून, दाराखालून, फाटक्या जाळीतून आणि कमजोर उडणारं चिलट तिच्याबरोबर ओढलं जातं. ओव्हनचा उकाडा होतो म्हणून ऐन संध्याकाळी एक्झॉस्ट लावणारा माणूस स्वतःच चिलटं आत खेचत असतो. एक्झॉस्ट हवाच असेल तर तळ्याच्या विरुद्ध बाजूची एकच जाळीची खिडकी उघडी ठेवा आणि बाकीच्या घट्ट लावा. सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी तो बंद करा.

जाळी. डासांसाठीच्या साध्या जाळीची भोकं एक मिलिमीटरहून थोडी मोठी असतात. मोठी चिलटं अडतात, अगदी बारीक आत येतात. त्रास बारीक जातीचाच असेल तर बारीक विणीची जाळी लागते. तिच्यातून हवाही कमी येते, ते चालवून घ्यायचं.

तपासा: आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात दिवा लावा, बाहेर जा आणि घराकडे पाहा. जिथून प्रकाशाची रेघ दिसते तिथून चिलट येणार. त्या फटी ओल्या फडक्याने किंवा टेपने बंद करा.

सावध: कीटकनाशकाचा फवारा उघड्या पदार्थाजवळ कधीही नाही, मिश्रण झाकलेलं असलं तरी ओट्यावर नाही. मच्छर अगरबत्तीही या खोलीत नको. विजेचा झटका देणारा सापळा ओट्याच्या वर टांगू नका, त्यात मरणाऱ्या कीटकांचे तुकडे उडतात आणि खाली पडतात.

## पायरी ४: वरचा थर आधी

बहुतेक जण फळं आधी चिरतात, साखर घालून ठेवतात आणि मग मैद्याकडे वळतात. नेमकं उलटं करा. साखर फळातलं पाणी ओढून बाहेर काढते. अर्धा तास साखरेत बसलेली फळं रसात पोहायला लागतात आणि तो रस भाजताना वरच्या थरात चढतो. शिवाय ओट्यावर चिरलेलं गोड फळ पडून राहणं म्हणजे फळमाश्यांना आवतण.

साधारण २० × २५ सेंटिमीटरच्या, निदान ६ सेंटिमीटर खोल भांड्यासाठी:

- मैदा १५० ग्रॅम
- थंड बटर १०० ग्रॅम, बारीक तुकडे करून
- साखर ८० ग्रॅम
- ओट्स ५० ग्रॅम
- चिमूटभर मीठ (बटर खारं असेल तर नको)

मैदा, साखर, मीठ एकत्र करा. बटरचे तुकडे घालून बोटांच्या टोकांनी चोळा. तळव्याने नाही, तळवा गरम असतो आणि बटर वितळवतो. मिश्रण जाड रव्यासारखं दिसू लागलं की ओट्स घाला आणि मूठ दाबून काही ढेकळं करा. सगळं सारखं बारीक करू नका, वाटाण्याएवढे गोळे राहिले तरच वरचा थर खुसखुशीत होतो. झाकणाच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, फळं होईपर्यंत.

उन्हाळी दमट हवेत ही फ्रीझरची पायरी गाळू नका. मऊ पडलेलं बटर ओव्हनमध्ये दाणे धरायच्या आत वितळतं आणि वरचा थर सपाट, तेलकट पापडी होऊन बसतो.

## पायरी ५: फळं

सोललेली, बिया काढलेली, चिरलेली फळं ८०० ग्रॅम हवीत. सफरचंदं घेणार असाल तर अख्खी साधारण एक किलो आणा. फोडी दोन सेंटिमीटरच्या. फार पातळ चकत्यांचा लगदा होतो, फार मोठ्या फोडी मधे कच्च्या राहतात. वेगवेगळ्या आकाराच्या फोडी सगळ्यात वाईट, एकाच चमच्यात दोन्ही दोष.

फोडींवर एक मोठा चमचा लिंबाचा रस टाका म्हणजे त्या काळवंडणार नाहीत. सालं, बिया, डागाळलेले तुकडे तिथल्या तिथे झाकणाच्या डब्यात टाका आणि ओटा ओल्या फडक्याने पुसा. हे "नंतर आवरू" म्हणण्यासारखं काम नाही.

कॉर्नफ्लोअर किती, हे फळावर ठरतं:

- सफरचंद, पेअर: १ मोठा चमचा, सुमारे ८ ग्रॅम
- पीच, आलुबुखार: २ मोठे चमचे
- चेरी, बेरी: ३ मोठे चमचे
- गोठवलेली फळं: वरच्या मापापेक्षा एक चमचा जास्त. ती वितळवू नका, तशीच घाला आणि भाजायला १०-१५ मिनिटं वाढवा.

५० ते ८० ग्रॅम साखर (फळ किती आंबट त्यावर) आणि कॉर्नफ्लोअर कोरडंच एकत्र करून वाटीत ठेवा. फळांना ते लावायचं ओव्हन तापल्यावरच, भांडं आत जाण्याच्या पाच मिनिटं आधी. कॉर्नफ्लोअर थेट ओल्या फळांवर टाकलं तर गुठळ्या होतात, साखरेबरोबर टाकलं तर होत नाहीत.

मसाला घालायचा तर दालचिनी पाव चमचा. वेलची, जायफळ, आलं असं सगळं एकदम घालायचा मोह मला पटत नाही. फळाची चवच हरवते.

## पायरी ६: रचणं आणि भाजणं

ओव्हन १८० अंश सेल्सिअसवर तापू द्या. पंख्याचा ओव्हन असेल तर १६० ते १७०. ओटीजीमध्ये वरची-खालची दोन्ही सळया चालू, भांडं मधल्या रॅकवर. घरगुती ओव्हनची तबकडी दहा-वीस अंश इकडेतिकडे दाखवते, म्हणून वेळेपेक्षा खुणांवर विश्वास ठेवा.

१. फळांना साखर-कॉर्नफ्लोअर लावा, भांड्यात पसरा, हाताने हलकं दाबून सपाट करा.
२. वरचा थर फ्रीझरमधून काढून लगेच भुरभुरवा. दाबू नका. दाबलेल्या थरातून वाफ निघत नाही आणि आतली बाजू कच्च्या पिठाची राहते.
३. भांड्याच्या काठाखाली एक सेंटिमीटर जागा सुटलेली हवी, नाहीतर रस उतू जातो. तरीही खालच्या रॅकवर एक ट्रे सरकवून ठेवा. ओव्हनच्या तळाशी जळालेल्या साखरेचा धूर झाला की तुम्ही खिडकी उघडणार, आणि खिडकी उघडली की सगळी तयारी पाण्यात.
४. सफरचंद, पेअरला ४५ ते ५० मिनिटं, मऊ फळांना ३५ ते ४० मिनिटं.

तपासा: झाला की नाही हे वरच्या रंगावरून ठरवू नका. रंग अर्ध्या वेळातच येऊ शकतो. कडेने येणारे बुडबुडे पाहा. सुरुवातीला ते पातळ आणि भराभर फुटणारे असतात, नंतर दाट होतात, सावकाश फुटतात आणि मधूनही वर येऊ लागतात. मधून दाट बुडबुडे येणं म्हणजे आतलं तापमान कॉर्नफ्लोअर आळण्याइतकं पोचलं. ते व्हायच्या आत काढलेला क्रम्बल कितीही निववला तरी पाणचटच राहतो.

वरचा थर आधीच लाल होत असेल तर फॉइल सैलसर टाका. कडा मुडपून बंद करू नका, तीही वाफ कोंडते.

## पायरी ७: निववणं

भांडं वायर रॅकवर ठेवा, खालूनही हवा लागली पाहिजे. पहिली पंधरा मिनिटं वाफ जोरात निघते. या वेळात ताट, झाकण, फॉइल, जाड फडकं यांपैकी काहीही वर घालायचं नाही.

वर ठेवायचं ते जाळीचं झाकण, घुमटासारखं, पदार्थापासून आठ-दहा सेंटिमीटर उंच. चूक होते ती ते ठेवण्याच्या पद्धतीत. वायर रॅकला पाय असतात. झाकण रॅकच्या काठावर टेकवलं तर खालून चारी बाजूंनी फट राहते आणि चिलटं तिथूनच शिरतात. झाकण रॅकपेक्षा मोठं हवं, कडा थेट ओट्यावर टेकलेल्या. एवढं मोठं झाकण नसेल तर पातळ जाळीचं कापड चार उंच ग्लासांवर ताणा आणि कडांवर चमचे ठेवून दाबा.

मग टेबल फॅन. मीटर-दीड मीटरवरून, कमी वेगात, आडवा वारा. तो वाफ उडवून लावतो आणि चिलटांना त्या वाऱ्यात स्थिर उडता येत नाही. एकाच साधनात दोन्ही कामं होतात, त्यामुळे दिवा आणि जाळी यांपैकी काही जमलं नाही तरी हे चुकवू नका. फॅनची पाठ खिडकीकडे नको, नाहीतर तो खिडकीकडची हवा ओढून भांड्यावर सोडेल. खोलीच्या आतून खिडकीच्या दिशेने वारा जायला हवा.

पंचेचाळीस मिनिटांनी भांड्याच्या कडेला हात टेकवून ठेवता आला आणि वर धरलेल्या कोरड्या ताटलीवर वाफ जमली नाही, तर आता झाका. आतला रस एव्हाना आळलेला असतो आणि चमच्याने उचलला तर भांड्यात खड्डा टिकून राहतो.

## उशीर झालाच तर

दोन रस्ते आहेत.

फळं चिरून झाली आणि सूर्य खाली आला असेल तर थांबा. वरचा थर फ्रीझरमध्येच राहू द्या, लिंबाचा रस लावलेली फळं झाकून फ्रिजमध्ये, साखर-कॉर्नफ्लोअर वेगळ्या वाटीत. दुसऱ्या दिवशी सकाळी रचून भाजा. फळांना थोडं पाणी सुटलं तर ते काढून टाका.

भांडं आधीच ओव्हनमध्ये असेल तर वेळेच्या पाच मिनिटं आधी ओव्हन बंद करा, दारात लाकडी चमचा अडकवून दोन बोटं फट ठेवा आणि क्रम्बल आतच निवू द्या. वाफ फटीतून जाते. मात्र दार उघडं असताना ओव्हनचा आतला दिवा पेटत राहतो का ते पाहा. पेटत असेल तर बटणाने किंवा प्लग काढून घालवा, नाहीतर तुम्ही चिलटांना थेट भांड्याचाच रस्ता दाखवाल. काही ओव्हनच्या माहितीपुस्तिकेत दार अर्धवट उघडं ठेवू नका असं लिहिलेलं असतं. तसं असेल तर हा मार्ग सोडा, जाळी आणि फॅन वापरा.

एखाददुसरं चिलट तरीही पडलंच तर त्याभोवतीचा तुकडा चमच्याने उचलून टाका. खरवडून काढायला गेलात तर ते चिरडतं. घरात दम्याचा किंवा ॲलर्जीचा त्रास असलेलं कुणी असेल तर थोडंही चालवून घेऊ नका. या चिलटांमुळे काही लोकांना खरोखर ॲलर्जी होते, त्यांच्या मेलेल्या, वाळलेल्या अवशेषांच्या धुळीनेही.

## उरलेलं आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ

उरलेला क्रम्बल बाहेर काढल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. तीन दिवस चांगला राहतो. गरम करताना १६० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं, झाकण न घालता. मायक्रोवेव्हमध्ये फळं गरम होतात पण वरचा थर लोळागोळा होतो.

काचेवर आणि भिंतीवर बसलेली चिलटं ओल्या फडक्याने पुसू नका, हिरवट-तपकिरी डाग पडतात आणि ते सहज जात नाहीत. वाळू द्या, मग मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूम क्लीनरने काढा, आणि काम करताना तोंडाला मास्क लावा. खिडकीच्या खालच्या खाचेत साठलेला थर विसरला जातो. पुढच्या वेळी खिडकी उघडली की तोच उडून ओट्यावर येतो, म्हणून खाच आधी आणि काच नंतर.